घर तेच, मग दलाली पुन्हा कशाची?

काकू, नमस्कार. आम्ही दोघं हिंजवडीत नोकरीला आहोत आणि वाकडला टू बीएचकेमध्ये भाड्याने राहतो. भाडं २६,०००, डिपॉझिट एक लाख. गेल्या वर्षी घर घेताना एजंटला एका महिन्याचं भाडं दलाली म्हणून दिलं. आता अकरा महिने संपत आलेत. मालक बंगळुरूला असतात. आम्हीच राहावं अशी त्यांची इच्छा आहे, पाच टक्के वाढ आम्हालाही मान्य आहे. परवा एजंटचा फोन आला: रिन्युअलची दलाली अर्ध्या महिन्याची, म्हणजे १३,०००, शिवाय ॲग्रीमेंटचे ६,५००. मी म्हटलं, घर तर तेच आहे, तुम्ही शोधलं काय? तर म्हणाला, ‘मॅडम, मार्केटमध्ये हेच चालतं.’ मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘एजंटशी बोलून घ्या.’ नवरा म्हणतो, देऊन टाक, कटकट नको. भाऊ लंडनला असतो, तो म्हणतो तिकडे भाडेकरूकडून असे पैसे घेणंच बेकायदा आहे. बाथरूमचा नळ चार महिने गळतोय, त्यासाठी याच एजंटला सात फोन केले, तो फिरकला नाही. पैसे द्यायचे की नाही?
– एक भाडेकरू, वाकड

पत्रात काकू म्हटलंस, तेव्हा मीही अहो-जाहो करत नाही.

तेरा हजार देऊ नकोस. ॲग्रीमेंटच्या साडेसहा हजारांचं काय करायचं ते पुढे सांगते, त्यात थोडा हिशेब आहे. पण आधी माझी एक कबुली ऐक. मी स्वतः घरमालकीण आहे. कोथरूडला सासऱ्यांचा वन बीएचके आहे, तो आम्ही भाड्याने देतो. तिथे एक एजंट होता, तो माझ्याकडून अर्ध्या महिन्याची दलाली घ्यायचा. मी देत होते, कारण चाव्या त्याच्याकडे, माणसं दाखवायला तोच, मला दर वेळी तिथे जायची दगदग नको होती. दुसऱ्या वर्षी भाडेकरू मुलगा चेक द्यायला घरी आला. चहा घेता घेता सहज म्हणाला, ‘काकू, या वेळी रिन्युअलची दलाली थोडी कमी करायला सांगाल का? तुम्हीच ठरवलीय असं ते म्हणाले.’ मी कशाला ठरवू? मला तर त्या दलालीचा पत्ताच नव्हता. पहिल्या वर्षी त्याच्याकडून पूर्ण महिना, माझ्याकडून अर्धा, आणि पुढे दर अकरा महिन्यांनी माझ्या नावावर त्याच्याकडून आणखी अर्धा. सगळा कारभार माझ्या घराच्या जिवावर आणि मलाच अंधारात ठेवून.

हे सांगते कारण तुझ्या मालकांचं ‘एजंटशी बोलून घ्या’ हे वाक्य मी स्वतः शंभरदा बोललेय. त्याचा अर्थ ‘तेरा हजार द्या’ असा नसतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘मला यात ओढू नका’ एवढाच असतो. एजंटने काय मागितलंय हे त्यांना ठाऊक आहे का, हे आधी कळायला हवं. पत्रावरून मला तरी तसं दिसत नाही.

आता मुद्द्याचं. दलाली कशाची असते? घर नसलेल्याला घर आणि माणूस नसलेल्या घराला माणूस मिळवून देण्याची. गेल्या वर्षी त्याने ते काम केलं, तुम्ही पैसे दिलेत, तो व्यवहार तिथेच मिटला. मे महिन्यात वाकड, रावेत, ताथवडे असं स्कूटरवर फिरून, वॉचमनच्या हातापाया पडून, दहा-बारा फ्लॅट दाखवणाऱ्या माणसाची मेहनत मी नाकारत नाही. ‘आम्हाला नको’ असं त्याला सांगायचं आणि त्याच्या मागून मालकाशी परस्पर जमवायचं, असे भाडेकरूही काही कमी नाहीत, तेही खरं. म्हणून पहिल्या वेळच्या दलालीबद्दल मी तुला ‘फसलीस’ म्हणणार नाही. पण या वर्षी त्याने शोधलं काय? भाडेकरू तीच, घर तेच, मालक तेच, आणि भाडं किती वाढवायचं ते तुम्ही दोघांनी आपापसांत ठरवलंय.

‘मार्केटमध्ये हेच चालतं’ म्हणजे कायदा नव्हे. भाड्याच्या घराची दलाली किती असावी आणि ती कोणी द्यावी, याचा दर महाराष्ट्रात कुठल्याही कायद्याने बांधून दिलेला नाही. रेराचं नाव घेऊन कोणी दबकावलं तर ऐकू नकोस. २०१६ च्या त्या कायद्यातला एजंट म्हणजे घरांच्या विक्रीतला मध्यस्थ, भाड्याचे व्यवहार त्यात येत नाहीत. मग उरतो काय, तर आपला जुना १८७२ चा करार कायदा. त्याचं म्हणणं साधं आहे: वेगळं काही ठरलं नसेल, तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटचा मोबदला देय होत नाही. म्हणजे दोन प्रश्न विचारायचे. काम कुठलं? आणि ठरलं कधी? गेल्या वर्षी तू कशावर सही केली होतीस का, किंवा व्हॉट्सॲपवर ‘रिन्युअलला १५ दिवसांची दलाली’ अशा मेसेजला ‘ओके’ म्हटलं होतंस का, ते एकदा शोधून बघ. म्हटलं असशील, तर तू कबूल केलेली गोष्ट आहे आणि मग माझा सल्ला थोडा मवाळ होईल. म्हटलं नसशील, तर त्याला मागायला जागा नाही.

भावाचं बरोबर आहे. इंग्लंडमध्ये १ जून २०१९ पासून भाडेकरूकडून एजंटने फी घेणं बंद आहे, आणि त्यात तुला मागितली तशी रिन्युअलची फीसुद्धा आली. त्याआधी तिकडेही गंमतच होती. चौकशीची फी वेगळी, सामानाच्या यादीची वेगळी, करार पुढे चालू ठेवायची वेगळी, आणि त्याच कामांचे मालकाकडूनही पैसे. आता भाडं, डिपॉझिट आणि मोजक्या गोष्टी सोडून काही मागता येत नाही. चावी हरवली तर तिचा खर्च, भाडं फार उशिरा दिलं तर व्याज, करारात तूच बदल मागितलास तर साधारणपणे ५० पौंडांपर्यंत, असं. डिपॉझिटलाही पाच आठवड्यांच्या भाड्याची मर्यादा आहे, भाडं खूप जास्त असेल तर सहा. वेल्सने त्याच वर्षी सप्टेंबरात तेच केलं, स्कॉटलंडमध्ये तर ते आधीपासूनच होतं. जर्मनीने २०१५ मध्ये नियम केला तो मला सगळ्यांत आवडतो: एजंटला ज्याने बोलावलं, पैसे त्याने द्यायचे. बस्स. आपल्याकडे वाजंत्री ज्याने ठरवली तो पैसे देतो, पंगतीला बसलेल्यांकडून कोणी गोळा करत नाही, तसंच.

यावर आमच्या सोसायटीतले एक काका नेहमी म्हणतात, ‘मालकाने दिली तर तो भाड्यात घालूनच वसूल करणार, मग फरक काय पडला?’ फरक पडतो. भाड्यात घातलं तर ते जाहिरातीत दिसतं, शेजारच्या बिल्डिंगशी ताडून बघता येतं, आणि महिन्या-महिन्याने जातं. दलाली एकदम जाते, तीही नेमकी डिपॉझिट, टेम्पो, पहिलं भाडं आणि गॅसची जोडणी एकाच आठवड्यात आलेली असते तेव्हा. शिवाय मालक दहा एजंटांना फोन करून घासाघीस करू शकतो. तू करू शकतेस का? घर तुला निवडता येतं, एजंट निवडता येत नाही. तो घरासोबतच येतो, भाजीवाल्याच्या कोथिंबिरीसारखा, फक्त फुकट नाही. ज्याला निवडता येत नाही त्याच्याकडून मागितलं की दर कितीही चढवता येतो. माझं मत विचारशील तर हा कायदा इथेही व्हायला हवा. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांकडे पाठवला, त्यात घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्यापुरतंच असावं असं आहे. पण राज्याने तसा कायदा केल्याशिवाय त्या कागदाचा भाडेकरूला काही उपयोग नाही. तेव्हा लंडन राहू दे लंडनला, आपण वाकडचं बोलू.

आता त्या साडेसहा हजारांचा हिशेब. कागद-पेन घे.

नवीन भाडं २७,३००. अकरा महिन्यांचे झाले ३,००,३००. लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे तुमच्या या भाड्याच्या कराराच्या, मुद्रांक शुल्कात डिपॉझिटवरचं वर्षाला दहा टक्क्यांनी मानलेलं व्याजही धरतात. लाखावर अकरा महिन्यांचं ते होतं ९,१६७. बेरीज ३,०९,४६७. त्यावर पाव टक्का, म्हणजे सुमारे ७७४ रुपये, वरच्या शंभरात नेऊन ८०० धर. नोंदणी फी शहरी भागात १,०००. ऑनलाइन नोंदणी केली तर दस्त हाताळणीचे ३००. झाले २,१००. म्हणजे साडेसहा हजारांतले सरकारला जाणारे एवढेच. उरलेले ४,४०० कुणाचे, हे त्याला गोड आवाजात विचार. घरी येऊन अंगठा घेणारी, फोटो काढणारी माणसं असतात, त्यांना त्यांच्या कामाचे पैसे द्यायला हवेत, त्याबद्दल वाद नाही. पण दोघा-तिघांकडून दर मागवलास, तर चव्वेचाळीसशे किती फुगवलेले आहेत ते तुझं तुलाच कळेल. मालक बंगळुरूला असले तरी त्याचं काही अडत नाही. आधारवर अंगठा लागतो, तो तिथेही देता येतो.

आणि हे पैसे तरी भाडेकरूनेच का द्यायचे? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५, हे एकदा मालकांना वाचायला दे. भाडेकरार लेखी करून त्याची नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती केली नाही तर शिक्षा मालकाला आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि अटींवरून वाद झालाच तर दुसरं काही सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवायची तीही मालकानेच. रिवाजाने खर्च अर्धा-अर्धा वाटून घेतात, तसा घ्या, मला त्यात गैर वाटत नाही. माझ्या कोथरूडच्या घरी आता आम्ही तेच करतो. पण ‘तुम्हाला राहायचंय ना, मग तुम्हीच करा’ हा सूर कोणी लावला तर कलमाचा नंबर तोंडपाठ असलेला बरा.

इथे एक गंमत सांगते, एजंट कधी सांगणार नाही अशी. अकरा महिन्यांचाच करार का करतात, विचारलंस कधी? इतर बऱ्याच राज्यांत वर्षापेक्षा कमी मुदतीचा करार नोंदवावा लागत नाही, म्हणून बाराऐवजी अकरा. आपल्याकडे कलम ५५ मुळे अकरा महिन्यांचासुद्धा नोंदवावाच लागतो, म्हणजे ती सूट इथे मिळतच नाही. तरी सगळे डोळे मिटून अकराच लिहितात. दर अकरा महिन्यांनी कागद नवा, तेव्हा दर अकरा महिन्यांनी एजंटचा फोन नवा. लिव्ह अँड लायसन्स साठ महिन्यांपर्यंत करता येतं. तुम्हाला दोघांना तिथे राहायचंच असेल तर या वेळी मालकांना तेहेतीस महिन्यांचा करार सुचव. दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ आत्ताच लिहून टाकायची, आणि एक महिन्याची नोटीस देऊन सोडता येईल असंही. नोंदणी फी तीनदा जायची ती एकदाच जाईल, आणि जवळजवळ तीन वर्षं फोन येणार नाही. लॉक-इन, म्हणजे ज्या काळात घर सोडता येत नाही ती मुदत, मात्र सहा महिन्यांपेक्षा जास्त घालू देऊ नकोस. तुमच्यापैकी एकाची बदली झाली तर अडकाल.

घासाघीस करताना एका तारखेवर लक्ष ठेव. करार संपून तुम्ही तसेच राहिलात आणि नंतर मालकाशी बिनसलं, तर त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २४ तुमच्या विरुद्ध जातं. मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने नुकसानभरपाई मागता येते. हे मालक तसं करतील असं वाटत नाही, पण एजंटशी अबोला धरून महिना काढायची ही जागा नव्हे. बोलणं आत्ताच उरकायला हवं.

म्हणून एजंटशी वाद घालत बसू नकोस. मालकांना लिही, थेट. मेसेज मीच सांगते, भाषा तुझी घाल:

‘सर, पाच टक्के वाढ आम्हाला मान्य आहे, पुढेही इथेच राहायचं आहे. एजंटने रिन्युअलची दलाली १३,००० आणि करारासाठी ६,५०० मागितले आहेत. दलालीबद्दल आपल्याशी काही ठरलं आहे का, ते कळवावं. या वेळी त्यांनी घर शोधून दिलेलं नसल्याने आम्ही ती देणार नाही. करार मी ऑनलाइन करून घेते, अकरा महिन्यांच्या कराराचं सरकारी शुल्क २,१०० आणि सेवेचा खर्च निम्मा-निम्मा करू. तेहेतीस महिन्यांचा केला तर आपलीही दर वर्षाची धावपळ वाचेल.’

बघ, यात कुठेही तक्रारीचा सूर नाही. मालकांना तुम्ही जायला नको आहात. घर दोन महिने रिकामं पडलं तर त्यांचे चौपन्न हजार जातात, आणि वर नव्या भाडेकरूसाठी एजंटला द्यावे लागले तर ते वेगळेच. हे त्यांना तुझ्यापेक्षा लवकर कळतं. मी मालकीण म्हणून सांगते, वेळेवर भाडं देणारा आणि भिंतींना खिळे न ठोकणारा भाडेकरू टिकवायला मी करारच काय, रंगसुद्धा माझ्या खर्चाने लावून दिलाय.

ते म्हणाले, ‘मला माहीत आहे, एजंट माझं घर सांभाळतो, त्याला काहीतरी द्यायला हवं,’ तर? तर तो मालकांचा माणूस झाला, मालकांनी त्याला पगार द्यावा. हे तोंडावर असं म्हणू नकोस, एवढंच म्हण की ‘मग आपल्या बाजूने द्यावं.’ आणि तरीही ते अडूनच बसले तर नवऱ्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. नव्या घराला टेम्पो, नवी दलाली, दोन दिवसांची रजा, सगळं धरलं तर तेरा हजारांच्या कितीतरी पुढे जातं. तेव्हा तत्त्वासाठी घर सोडू नकोस. मी असते तर करार करून घेण्याच्या कामाचे म्हणून फार तर दोन-तीन हजार दिले असते, दलाली म्हणून एक रुपया नाही, आणि ऑनलाइन दिले असते, म्हणजे नोंद राहते. त्याने वर जीएसटी लावला तर नोंदणी क्रमांकाचं बिल माग. बिल मागितलं की जीएसटी आपोआप गळून पडतो, असा माझा अनुभव आहे.

पुढचं घर बघशील तेव्हा मात्र पहिल्या फोनलाच विचारून घे: दलाली किती, मालकाकडूनही घेणार का, रिन्युअलला काही आहे का. त्याने तोंडी सांगितलेलं तूच व्हॉट्सॲपवर लिहून पाठव, ‘आपलं ठरलं त्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून. आणि पैसे टोकनच्या वेळी नव्हे, करार नोंदवून चावी हातात आल्यावर.

आज रात्रीच मालकांना मेसेज कर. बाथरूमच्या नळाचंही त्याच मेसेजमध्ये शेवटी लिही, फोटो लावून. प्लंबर तूच बोलाव आणि त्याचं बिल पुढच्या भाड्यातून वजा करू का, एवढंच विचार. एजंटला आठवा फोन करू नकोस.